इंजिन न उघडता आत पाहायचे, तर कोणता स्वस्त कॅमेरा घ्यावा?

आमच्या तीन सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीने गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ऑइल खायला सुरुवात केली. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येई आणि दोन-तीन मिनिटांत तो नाहीसा होई. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे स्पार्क प्लगही न काढता ‘बोअर गेले आहे’, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत झिजली आहे, आणि ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी सिलिंडरच्या आत एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे मला वाटले आणि त्यासाठी मी एकामागून एक असे दोन एंडोस्कोप, म्हणजे लांब वायरच्या टोकाला बसवलेले बारीक कॅमेरे घेतले. त्यांची नावे देत नाही, कारण हाच माल बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि खोक्यावरच्या नावावरून त्याची पारख होत नाही.

पहिला कॅमेरा सातशे रुपयांचा, मोबाइलला जोडायचा, 5.5 मिलिमीटर जाडीचा आणि पाच मीटर वायरचा होता. खोक्यावर 1080 पिक्सेलचा दावा होता. प्रत्यक्षात फोनमध्ये साठवलेले चित्र 640 गुणिले 480 एवढेच निघाले. तरीही माझी खरी तक्रार चित्राच्या बारकाव्याची नाही. या कॅमेऱ्याला भिंग एकच, आणि तेही समोर पाहणारे. प्लगच्या भोकातून तो आत सोडला की खाली पिस्टनचा माथा नीट दिसतो. पण बोअर झिजले आहे की नाही, हे सिलिंडरची भिंत सांगते, आणि ती तर बाजूला असते. त्यासाठी सोबत एक छोटा आरसा मिळतो, जो टोकावर नुसता अडकवायचा असतो. हा आरसा इंजिनात कधीही वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो सुटून पिस्टनवर पडला आणि बाहेर निघाला नाही, तर इंजिनाचे जे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडणे टाळायचे होते तेच उघडावे लागेल. शिवाय पाच मीटर लांब, मऊ वायर हवी तिथे वळत नाही. इंजिनासाठी एक मीटरची, वाकवली तशी राहणारी वायर पुरते.

दुसरा कॅमेरा पुण्यातल्या तपकीर गल्लीतून साडेतीन हजारांना घेतला. याची जाडीही 5.5 मिलिमीटरच आहे, पण त्याला समोर एक आणि बाजूला एक अशी दोन भिंगे आहेत, ती एका बटणाने बदलता येतात, आणि पडदा स्वतःचा असल्यामुळे फोनशी जुळते की नाही हा प्रश्न उरत नाही. दुकानात जाताना मी घरून स्टीलचा पेला नेला होता. माझ्या गाडीच्या बोअरचा व्यास 73 मिलिमीटर आहे आणि पेल्याचे तोंडही जवळपास तेवढेच. पेल्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला, कॅमेरा मधोमध धरला आणि बाजूच्या भिंगातून अक्षरे वाचता येतात का, ते पाहिले. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या कॅमेऱ्यात सगळा मजकूर धुरकट दिसला, कारण त्याचे भिंग सहा-सात सेंटिमीटरच्या पलीकडचेच स्पष्ट दाखवत होते. दुसऱ्यात जोडाक्षरेसुद्धा वाचता आली. चकचकीत स्टीलवर दिव्याचा झोत किती परावर्तित होतो आणि तो कमी करण्याची सोय आहे का, हेही याच चाचणीत कळते. पिक्सेलच्या आकड्यांपेक्षा ही पेल्याची चाचणी अधिक भरवशाची आहे.

घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, कारण असे कॅमेरे पाण्यात टिकत असले तरी तापलेल्या धातूजवळ टिकत नाहीत. प्लगच्या खळग्यातली धूळ हवेने उडवून मगच प्लग काढले आणि क्रँक पुलीला, म्हणजे पिस्टन वर-खाली हलवणाऱ्या क्रँकच्या टोकावरच्या चाकाला, पाना लावून, कॅमेरा बाहेर असतानाच, तपासायच्या सिलिंडरचा पिस्टन तळाला नेला. कॅमेरा आत असताना क्रँक हलवला, तर पिस्टन त्याला चिरडू शकतो. मधल्या सिलिंडरची भिंत पडद्यावर दिसली तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिलो. होनिंगच्या, म्हणजे इंजिन बनवताना भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा सव्वा लाख किलोमीटरनंतरही शाबूत होत्या आणि उभा चरा एकही नव्हता. पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून ऑइल वर येत असते, तर पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ दिसली असती. इथे कडेपर्यंत कोरडा, काळा कार्बन होता. मात्र इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, एका बाजूने ऑइलचा ओला ओघळ चमकत होता.

कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, आधीच मोजून घेतले होते आणि ते तिन्ही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखे होते. ही मोजणी कॅमेऱ्याच्या आधी करायलाच हवी, कारण व्हॉल्व्ह नीट बसतो की नाही, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी दुसऱ्या मेकॅनिकसमोर ठेवल्या. त्यांनी फक्त व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारी व्हॉल्व्ह सील बदलली, आणि सकाळचा धूर थांबला.

या कॅमेऱ्यात उणिवाही आहेत. बाजूच्या भिंगाला दिवा एकच असल्यामुळे खोलवर चित्र अंधारते, आणि चित्र फिरवण्याची सोय नसल्यामुळे वर-खाली कोणते, याचा गोंधळ होतो. टोक हवे तसे वळवता येणारे कॅमेरे याहून बरेच महाग आहेत. रोज इंजिने तपासणाऱ्या गॅरेजने ते जरूर घ्यावेत, घरच्या एका गाडीसाठी मला त्यांची गरज वाटत नाही. डिझेल गाडीवाल्यांनी मात्र घाई करू नये. पेट्रोल गाड्यांच्या प्लगचे भोक साधारण 12 किंवा 14 मिलिमीटरचे असते, तर डिझेल इंजिन सुरू होताना तापणाऱ्या ग्लो प्लगची वाट खाली बरीच निमुळती होते आणि तिथे 5.5 मिलिमीटरचे टोक अडू शकते. त्यांनी 3.9 मिलिमीटरचाच कॅमेरा शोधावा, किंवा इंजेक्टर काढून त्या वाटेने पाहावे.