दोन साहेब, एक रकाना: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या एचआर सॉफ्टवेअरची हजेरी, पगारपत्रक, रजा वगैरे ठीक चालतं, त्यावर वेळ घालवत नाही. मी लिहितेय ते एकाच दुखण्याबद्दल: दुसऱ्या साहेबाला मूल्यमापनाचा रिपोर्ट दाखवणे.

जळगाव एमआयडीसीत आमचा पाइपचा कारखाना. मेंटेनन्सचे सात जण रोज प्लांटच्या साहेबांचं ऐकतात, पण मशीनचं सेटिंग क्वालिटीचे साहेब ठरवतात. सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टिंग मॅनेजरचा रकाना मात्र एकच. एप्रिलमध्ये मूल्यमापन उघडलं, तर क्वालिटीच्या साहेबांची स्क्रीन रिकामी. मी शहाणपणा करून त्या रकान्यात त्यांचं नाव टाकलं. झालं! प्लांटच्या साहेबांकडून सातही नावं गायब, अर्धवट लिहिलेल्या शेऱ्यांसकट. वर सगळ्यांचे रजेचे अर्ज क्वालिटीकडे जायला लागले. नाव बदलताना "असं असं होईल" अशी एक ओळसुद्धा आली नाही.

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि केबिनच्या दारात फिटर उभा: "ताई, मना रिपोर्ट कोठे शे?" त्याची पगारवाढ त्यावरच अडलेली. हेल्पलाइनवाल्यांनी तीन तक्रारींना तीनदा तीच लिंक पाठवली. शेवटी मी पीडीएफ काढून व्हॉट्सॲपवर पाठवू लागले, ते एक दिवस चुकून शिफ्टच्या ग्रुपवर गेलं. कुणाचे शेरे होते ते सांगत नाही.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ऑफिस ओस होतं, म्हणून सेटिंग उकरत बसले, तेव्हा उलगडलं. काम दोन जागी करावं लागतं. कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये 'अतिरिक्त मॅनेजर' जोडायचा. मग परवानग्यांत जाऊन त्या भूमिकेला मूल्यमापन 'पाहणे' चालू करायचं, 'बदलणे' बंद ठेवायचं. नुसतं पहिलं केलं तर नाव दिसतं, रिपोर्ट कोरा. शेरा लिहू द्यायचा असेल तर 'अभिप्राय'ची खूण वेगळी. आणि पगार दाखवण्याची खूण आधीच लागलेली असते, ती आठवणीने काढा! आमच्याकडे दोन दिवस राहिली होती. रजा मात्र मूळ साहेबांकडेच राहते, हे बरं.

म्हणजे सोय होती, फक्त पुरून ठेवलेली. तीन स्टार.

चौथा देणार होते, पण एक सर्व्हिसवाला आठवड्यातून दोन दिवस धुळ्याच्या डेपोवर असतो. डेपो शेठच्या भावाच्या फर्मचा, त्यामुळे तिथले साहेब आमच्या यादीत नाहीत. त्यांना रिपोर्ट दाखवायचा तर अख्ख्या वर्षाची जादा सीट (म्हणजे आणखी एका माणसाच्या लॉगिनचे पैसे), वर १८ टक्के जीएसटी. माणूस उघडणार वर्षातून दोनदा! शेठ म्हणाले, "राहू द्या." तो रिपोर्ट आता बंद पाकिटात, सोमवारच्या पाइपच्या गाडीबरोबर धुळ्याला जातो. ड्रायव्हर सही घेऊन संध्याकाळी परत आणतो.