न माणसाळलेले मांजर: घरात आणावे, पिल्लू उचलावे की परसातच सांभाळावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मांजर नसलेली गल्ली सापडणे कठीण आहे, कारण गोठ्यातील वैरण आणि धान्याची पोती यांमुळे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजरे येतात. यांपैकी अनेकांना माणसाचा हात कधीच लागलेला नसतो. अशा मांजराचा लळा लागलेल्या घरापुढे तीन मार्ग असतात: मोठे मांजर पकडून घरात माणसाळवणे, त्याचे लहान पिल्लू घेणे, किंवा त्याला परसातच राहू देऊन त्याची जबाबदारी घेणे. यांतील निवड आपल्या मायेपेक्षा मांजराच्या वयावर अवलंबून असते. माणसाची ओळख रुजण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि तो माणसाच्या सहवासाविना गेला तर मोठेपणी त्या मांजराला माणूस हा धोकाच वाटतो.

त्याआधी समोरचे मांजर खरोखर न माणसाळलेले आहे का, हे पाहावे. एके काळी घरात वाढलेले आणि नंतर सोडून दिलेले मांजर काही दिवस दबून राहते. पण आपण उभे असतानाही ते अन्नाजवळ येते, शेपटी उभी करते, आपल्याकडे पाहून म्याँव करते. माणसाचा सहवास न मिळालेले मोठे मांजर माणसाशी सहसा आवाजाने बोलत नाही, अंग चोरून कडेकडेने जाते आणि आपण आत गेल्यावरच खाते. पहिल्या प्रकारच्या मांजराला घरात घ्यायला काहीच हरकत नाही. चार-सहा आठवड्यांत त्याची जुनी सवय बहुधा परत येते.

दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याला एका लहान खोलीत ठेवावे लागते, लपण्यासाठी खोके द्यावे लागते, ठरलेल्या वेळी अन्न ठेवून त्याच्याकडे रोखून न पाहता जमिनीवर बसून राहावे लागते, आणि हे महिनोन्महिने करूनही ते मांडीवर येईलच असे नाही. पुष्कळदा ते अन्न देणाऱ्या एकाच माणसाला जवळ येऊ देते आणि घरातील इतर सर्वांना बुजतच राहते. आपल्याकडील कौलारू घरांत आणखी एक अडचण आहे: भिंत आणि वासे यांमधील फट, माळा आणि उघडे परसदार यांमुळे मांजर कोंडून ठेवणे जवळजवळ अशक्य असते, आणि कोंडलेच तर रात्रभर ओरडणे, भिंतींवर मुतून ठेवणे, अन्न सोडणे हे प्रकार सुरू होतात. अन्न सोडणे ही साधी गोष्ट नव्हे, कारण काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृत बिघडून ते दगावू शकते. शिवाय प्रत्येक आजारपणात त्याला पुन्हा पिंजऱ्यात पकडावे लागते आणि बहुधा गुंगी देऊनच तपासावे लागते.

चाव्याचा धोका तर सर्वांत मोठा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून लहान दिसते आणि आत पू धरतो. चावा किंवा रक्त येणारा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ असे असतात, आणि अशा जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर हा मार्ग निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्लाच्या बाबतीत चित्र पालटते. पाच ते आठ आठवड्यांचे पिल्लू फिसकारत असले तरी हातून खाऊ लागले की बहुधा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत निवळते. भावंडांची जोडी एकत्र घेतल्यास दोघांचीही भीती लवकर जाते. मात्र पिल्लू एकटे दिसले म्हणून लगेच उचलू नये. भाटी शिकारीला गेलेली असते, म्हणून दुरून काही तास लक्ष ठेवावे. चार आठवड्यांच्या आतील पिल्लाला आईचे दूध आणि ऊब लागते, आणि गाई-म्हशीचे दूध त्याला पुरत नाही, उलट जुलाब होतात. आठव्या आठवड्यापासून मांजरांची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, त्यामुळे नसबंदीचे ऑपरेशन लांबवू नये.

ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, अथणी, रायबागकडील फडांत सापडणारी पिल्ले या विचारातून पूर्ण वगळावीत. ती रानमांजराची किंवा वाघाटी या छोट्या जंगली मांजराची असू शकतात. ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. पिल्ले जिथे आहेत तिथेच ठेवून वनखात्याला कळवावे. आई बहुधा रात्री त्यांना घेऊन जाते.

मोठ्या मांजरासाठी मला परसातला मार्गच योग्य वाटतो. पिंजऱ्यात पकडून नसबंदी आणि रेबीजची लस करावी, ओळखीसाठी कानाचे टोक किंचित छाटून घ्यावे आणि त्याच जागी सोडावे. ठरलेल्या वेळी अन्न, स्वच्छ पाणी आणि पावसाळ्यात गोठ्यात कोरडा कोपरा एवढे त्याला पुरते. नसबंदीनंतर बोक्यांची भांडणे आणि मूत्राचा उग्र वास बराच कमी होतो, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रारही कमी होते. हे मांजर चिमण्या आणि खारी मारणार, हे मात्र मान्य करावे लागते. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणे हा उपाय नव्हे: अनोळखी जागी मांजर बहुतेकदा उपासमारीने किंवा दुसऱ्या मांजरांच्या मारामारीत मरते, आणि प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही ठरू शकते.

निर्णय खरा अवघड होतो तो तीन ते पाच महिन्यांच्या पिल्लाबाबत. ते माणसाळू शकते, पण खात्री नसते. अशा वेळी एका खोलीत दीड-दोन महिने प्रयत्न करावा. तेवढ्या काळात ते आपल्या उपस्थितीत खाऊ लागले आणि पाठीवरचा हात सहन करू लागले तर पुढे चालू ठेवावे. अन्यथा ऑपरेशन आणि लस करून, आई अजून तिथेच वावरत असेल तर तिच्या जवळच, त्याच परसात मोकळे करावे.