बिस्किट जॉइंटरचा डेमो पीस: व्हिडिओत वेगळा, खोक्यात वेगळा

सुतारकामवाल्या भावांनो, सध्या फर्निचरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बिस्किट जॉइंटर स्वस्तात देणारे फिरतायत. एक्झिबिशनचा डेमो पीस, बॉक्स पॅक, वर ५०० बिस्किटं फ्री, असलं. माझे साडेसात हजार त्यात गेले. पैशाचं रडगाणं गात नाही, पण ह्या लोकांनी जी गोम शोधलीये ती ह्याच मशीनमध्ये बरोबर बसते, आणि आपल्याकडे धुळे-जळगाव-नंदुरबार पट्ट्यात हे मशीन अजून फार जणांनी हातात धरलेलं नाही त्यामुळे त्यांचं आयतंच फावतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माहिती नसेल त्यांच्यासाठी आधी मशीन काय ते. दिसायला छोट्या ग्राइंडरसारखं, पुढे १०० एमएमचं ब्लेड लपलेलं असतं, फळीच्या कडेला लावून पुढे दाबलं की ब्लेड बाहेर येतं आणि अर्धचंद्राच्या आकाराची ४ एमएम जाडीची खाच पडते. समोरच्या फळीला पण तशीच खाच, मधे फेविकॉल आणि दाबलेल्या बीच लाकडाचं चपटं बिस्किट. फेविकॉलमधलं पाणी पिऊन बिस्किट फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्मन स्टायनर नावाच्या माणसाने हे काढलं, लॅमेलो कंपनी त्यांचीच. बिस्किटाचे नेहमीचे साइज तीन, ० नंबर म्हणजे ४७ बाय १५, १० नंबर ५३ बाय १९ आणि २० नंबर ५६ बाय २३ एमएम, जाडी तिघांची ४. १८ एमएम प्लायला आणि सागाच्या फळ्या जोडायला आपण २० नंबरच वापरतो. कुसू-सालीएवढी (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवायचा जुना सांधा) ताकद ह्यात नाही, ती अपेक्षाच ठेवू नका, पण सहा फुटी टॉपला चार-पाच फळ्या चिकटवताना एकही फळी वरखाली होत नाही, नंतर रंधा मारायचं काम निम्म्यावर येतं, पैसे त्याचे आहेत.

मला फैजपूरकडची सागाच्या डायनिंग टेबलांची ऑर्डर होती. मकिताचं पीजे ७००० नवीन दुकानात विचारलं तर वीस हजाराच्या वर, ७०१ वॅट, ११००० आरपीएम, मशीन एक नंबर पण अमळनेरसारख्या गावात वर्षातून पाच-सहा ऑर्डरी अशा येणार, त्यासाठी एवढे कोण घालणार. तेवढ्यात ग्रुपवर ही जाहिरात आली. नाव एका मोठ्या कंपनीचं, रंग तोच, खोकं तेच.

मी म्हटलं आधी चालवून दाखव. तर पठ्ठ्याने लगेच व्हिडिओ कॉल लावला! प्लेटवरचा सिरीयल नंबर वाचून दाखवला, प्लायचा तुकडा घेतला, खाच मारली, बिस्किट घातलं, पक्कन बसलं. आवाज गोड, धूळ थैलीत. "भैया, दो पीस बचे हैं, शाम तक यही रेट." निम्मे पैसे आधी, निम्मे बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर. बिलाचं विचारलं तर म्हणे जीएसटी बिल खोक्यातच टाकतो. बिल्टी आली, सुरत बुकिंग, नंबर खरा, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला तर माल निघालाय म्हणाला. म्हणजे बघा, माल पाठवला, तो पोचला, सगळं खरं. धुळ्याच्या गोडाऊनवर भाडं भरून सही केल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत, तो तिथला नियमच आहे, त्यांचा दोष नाही.

आता गोम सांगतो. खोक्यात मशीन होतं आणि ते चालू पण झालं. खाच पण पडली. पण टेबलाच्या फळ्यांना हात लावायच्या आधी मी भंगार सागाचे दोन तुकडे घेतले, दोघांना खाचा मारल्या, मधे बिस्किट घालून जोडायला गेलो तर बिस्किट एका बाजूला जाईना आणि हातोडीने ठोकून बसवलं तर दोन्ही तुकडे पिळल्यासारखे झाले, एका टोकाला डावा तुकडा वर, दुसऱ्या टोकाला उजवा वर, नख फिरवलं की अडकत होतं.

आमच्याकडे एक नाना आहेत, सगळं आयुष्य पटाशी-रंध्यावर गेलेलं, त्यांनी गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावला, मग व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) मागितला आणि फळीच्या वरच्या पृष्ठापासून खाचेचं अंतर दोन्ही टोकांना मोजलं. डावीकडे ९.१ एमएम, उजवीकडे ९.९. म्हणाले, "भो, हाई मुळातच वाकडं शे."

हे नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक इथेच आहे. फेन्स म्हणजे मशीनची फळीच्या वरच्या बाजूवर टेकणारी पट्टी, ती ब्लेडपासून ९ एमएमवर असो की १० वर, दोन्ही फळ्यांना वरच्या बाजूने सेट करून खाच मारली तर फरक दोन्हीकडे सारखाच येतो, काही बिघडत नाही. पण फेन्स ब्लेडला समांतर नसली तर खाच तिरकी पडते, आणि दोन फळ्या समोरासमोर आल्या की एकीची खाच डावीकडे चढलेली, दुसरीची उजवीकडे, म्हणजे फरक दुप्पट होऊन बसतो. व्हिडिओत तो एकाच तुकड्यात खाच मारून बिस्किट घालून दाखवतो. एका तुकड्यात तिरकं पण सरळच दिसतं. हा धंदा करणाऱ्याला हे पक्कं माहिती आहे. आणि कॉलवर तर मला वाटतं त्याने असली कंपनीचंच मशीन धरलं होतं, कारण तो नंबर आणि माझ्या खोक्यातल्या मशीनवरचा नंबर एकच आहे, फक्त माझ्याकडे तो स्टिकरवर छापून आलाय, प्लेट नाहीच, कोपऱ्यात नख घातलं की सुटतो.

चांगल्या मशीनची फेन्स थोडी हलली तर सेट करता येते, किंवा नाना करतात तसं खाली इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवून भागतं. आम्ही ते पण करून पाहिलं. पण ह्याची पुढची स्लाइडच ढिली, दरवेळी दाबलं की माप वेगळं. ब्लेड हाताने हलवलं तर आख्खा शाफ्ट हलतो, त्यामुळे खाच ४ ऐवजी ४.४ ची पडते आणि बिस्किट आत खुळखुळतं. थोडं काम केलं तर जळका वास. शेवटी धुळ्यालाच एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे (जळालेल्या मोटरची वायर नव्याने भरणारा) उघडलं, पुढे बेअरिंगच्या जागी नुसता बुश (साधी नळी), आणि त्याने मोटरच्या फिल्डच्या वायरीवरचं वॉर्निश ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरी निघाली. ॲल्युमिनियम. वर तांब्याचा रंग. "दादा, हे भरून देईन पण कशाला भरताय," असं तोच म्हणाला, आणि उघडायचे पैसे पण घेतले नाहीत.

फ्री बिस्किटांची वेगळी गंमत. एक मोजलं, ४ एमएम, मग चहाच्या कपात पाणी घेऊन बुडवून ठेवलं. असली बीचचं दाबलेलं बिस्किट पाण्यात बघता बघता जाड होतं. हे काढलं तेव्हा मऊ पडलेलं आणि जाडी जवळपास तेवढीच, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाचे तुकडे कापून दिलेत. मशीन चांगलं असतं तरी ह्या बिस्किटांवर टेबल धरलं नसतं. (असली बिस्किटं पण पावसाळ्यात उघडी ठेवू नका, हवेतला ओलावा खाऊन आधीच फुगतात आणि खाचेत जात नाहीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची.)

बिल खोक्यात होतं, खरंच होतं! त्यावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ दिल्ली, गुजरात २४, आपला महाराष्ट्र २७. माल सुरतहून, बोलणारा म्हणे पुण्याचा, बिल दिल्लीचं. जीएसटीच्या साइटवर सर्च टॅक्सपेअरमध्ये कोणीही लॉगिन न करता नंबर टाकून बघू शकतं, तिथे तो नंबर एका कपड्याच्या व्यापाऱ्याच्या नावावर निघाला, त्या बिचाऱ्याला बहुतेक पत्ताही नसेल. म्हणून सांगतो, बिल खोक्यात घालतो म्हणणाऱ्याला सांगायचं की आधी फोटो पाठव, नंबर तपासतो मग पैसे. खरा दुकानदार दोन मिनिटांत पाठवतो.

तक्रारीचं. पैसे गेले की लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायचा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. माझ्या बाबतीत अडचण अशी की पैसे देऊन आठवडा उलटल्यावर खोकं उघडलं गेलं, आणि पहिला प्रश्न हाच आला की वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कशी? माल खरोखर पाठवण्यामागचं डोकं तेच आहे, सगळं प्रकरण "मशीन आवडलं नाही" असं दिसतं. त्यामुळे व्हिडिओ कॉलचं स्क्रीन रेकॉर्डिंग, चॅट, बिल्टी, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, सगळं जपा. ग्राहक आयोगात पण जाता येतं, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. कोणी म्हणेल तुम्ही धंद्यासाठी घेतलं तर ग्राहक नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेलं चालतं, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. समोरच्याचा खरा पत्ता नसेल तर नोटीस कुठे पाठवणार हा प्रश्न मात्र उरतो, मी सध्या तिथेच अडकलोय.

बजेट कमी असेल तर काय? चार इंची ग्राइंडरला लावायचं बिस्किट जॉइंटरचं अटॅचमेंट येतं, स्वस्त आहे, पण त्याला पण हीच दोन तुकड्यांची परीक्षा घेतल्याशिवाय हात लावू नका. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे राउटर (लाकडात खाचा मारायचं मशीन) आहे त्यांनी ४ एमएमचा स्लॉट कटर घ्यावा, बेअरिंगवाला, २० नंबरसाठी खाच थोडी आडवी सरकवून लांब करावी लागते, वेळ जातो, पण राउटरचा बेस फळीवर सपाट बसतो त्यामुळे तिरकं जायचा प्रश्न येत नाही. फैजपूरची टेबलं मी तशीच केली. राउटर नसेल तर डोवेल जिग (भोकं सरळ पाडायचा साचा) आणि ८ एमएमचे डोवेल (गोल लाकडी खुंट्या).

आणि सेकंडहँड मशीन घ्यायचंच असेल तर आपले दोन तुकडे आणि आपली असली बिस्किटं खिशात घेऊन समोर जा. दोन्ही तुकड्यांवर वरची बाजू पेन्सिलने खूण करायची, खाचा मारायच्या, कोरडंच जोडायचं आणि सांध्यावरून नख फिरवायचं. कॉलवरच बघायचं असेल तर त्याला म्हणा दोन तुकडे जोडून दाखव. मी ग्रुपवर दुसऱ्या एकाला हेच म्हणायला लावलं, त्याला समोरच्याने "नेटवर्क नाही" म्हणून ब्लॉक केलं. फोन नंबर वेगळा होता, प्लायचा तुकडा आणि मागचा हिरवा पडदा माझ्या कॉलवरचाच.