सोळाशेचा कपॅसिटर आणि पाच रुपयांचा कपॅसिटर, दोन्ही लावून बघितले

माझ्याकडे एक सेकंडहँड स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, सिंगल कॉइल म्हणजे एकच वेटोळं), कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे शिव्याच घालायच्यात. लाकूड बरंय, नेक मस्तय, पण टोनचा, म्हणजे ट्रेबल कमी करायचा, नॉब म्हणजे नुसती शोभा. १० वरून ३ पर्यंत फिरवत या, ढिम्म काही होत नाही, आणि ३ च्या खाली गेलं की एकदम अँपवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखा आवाज. मधलं काही नाहीच. वर ब्रिज पिकअपला (तारा बॉडीवर अडकवतात त्या टोकाचा) टोन लागतच नाही, पण तो काही बिघाड नाही बरं का, १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हापासून वायरिंगच तसं आहे, एक टोन नेकला, दुसरा मधल्याला, आणि जो पिकअप सगळ्यात जास्त किरकिरतो त्याला काहीच नाही. हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार.

तर मग रात्री बारा वाजता माणूस जे करतो तेच मी केलं, ऑनलाइन ऑर्डर टाकली. एक 'व्हिंटेज' पेपर इन ऑइल (तेलात भिजवलेल्या कागदाचा) कपॅसिटर, म्हणजे टोनमध्ये ट्रेबल काढून टाकणारा पार्ट, ०.०२२ मायक्रोफॅरडचा, सोळाशे रुपये (हो, एक), आणि तीन पॉटचा (पॉट म्हणजे नॉबखालचा फिरणारा रेझिस्टन्स) सेट एकवीसशेला. बायकोला तीनशे सांगितले.

पार्सल आलं. कपॅसिटर दिसायला भारी, बोटाएवढा जाड, वर ४०० व्होल्ट लिहिलेलं. आता गिटारच्या पिकअपमधून निघतो जास्तीत जास्त एखाददुसरा व्होल्ट, म्हणजे ४०० व्होल्टचा इथे उपयोग एवढाच की तो पिकगार्डखाली (गिटारवरची प्लॅस्टिकची पाटी) मावत नाही. तिरका करून, आडवा करून, शेवटी वायरी लांब ठेवून स्विचच्या बाजूला कोंबला.

पण खरी मजा पॉटमध्ये झाली. तिन्हीवर ए२५०के छापलेलं, २५०के म्हणजे २५० किलोओहम. ए म्हणजे लॉग, ज्याला ऑडिओ टेपर म्हणतात, रेझिस्टन्स आधी हळू मग झपाट्याने वाढतो, आणि बी म्हणजे लिनियर, सारख्या वेगाने वाढणारा (हल्लीच्या आशियाई पॉटवर तरी असंच असतं, जुन्या युरोपियन मालावर उलटंही सापडतं). मला सवय आहे म्हणून सोल्डर करायच्या आधी मल्टिमीटर लावला. पॉट बरोब्बर अर्धा फिरवायचा आणि मधला पाय आणि डावा पाय यांच्यात मोजायचं. लॉग असेल तर एकूण आकड्याच्या साधारण १० ते १५ टक्के दिसतं, म्हणजे पंचवीस-तीस-पस्तीस के. दोन पॉट तसे निघाले. तिसरा १२१ के. म्हणजे सरळसरळ लिनियर, वर ए छापून विकलाय! विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणे पाकीट उघडलंत, आता रिटर्न नाही. अरे पाकीट न उघडता मोजू कसा, एक्सरे काढू?

आणि त्याच वेळी डोक्यात उजेड पडला की माझ्या जुन्या टोनचं दुखणंही हेच असणार. जुना पॉट काढून बघितला तर बी५००के. स्वस्त गिटारींमध्ये हे सर्रास दिसतं. टोन कंट्रोल म्हणजे काय तर एक कपॅसिटर आणि त्याच्यासमोर एक कमीजास्त होणारा रेझिस्टन्स, ट्रेबल तिथून ग्राउंडला सोडून द्यायचा, बास. म्हणजे तोटी आहे ती. पण कानाला फरक कळायला लागतो रेझिस्टन्स बराच खाली आला की, वीसतीस केच्या आसपास. लिनियर ५०० केचा पॉट अर्ध्यावर आणला तरी अडीचशे के शिल्लक, मग कळणार काय कप्पाळ? सगळी गंमत नॉबच्या शेवटच्या टोकाला उरते. लॉग पॉट अर्ध्यावरच तीस केला येतो म्हणून तो फिरवताना काहीतरी घडतंय असं वाटतं.

शिवाय ५०० के सिंगल कॉइलला जरा जास्तच उघडा पडतो. टोन १० वर असला तरी पॉट पिकअपवर थोडा भार टाकतच असतो, २५० के जास्त टाकतो म्हणून वरची धार बोथट होते, ५०० के कमी टाकतो. म्हणून सिंगल कॉइलला २५० आणि हमबकरला (दोन वेटोळ्यांचा पिकअप) ५०० ही पद्धत पडली. नियम नाही, पण माझ्या ब्रिज पिकअपला ५०० लावणं म्हणजे कानात दाभण.

शनिवारी गेलो बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. गाडी लावायला जागा नाही हे लिहायची गरज नाही, पुणेकरांना माहितीये. काउंटरवरच्या काकांना म्हटलं २५० के लॉग द्या, ते म्हणाले "अँप्लिफायरला ना? मग २२० घ्या, काय फरक पडतो." तसा खरंच पडत नाही, कारण २५० छापलेला पॉटसुद्धा २०० ते ३०० मध्ये कुठेही निघू शकतो, २० टक्के इकडेतिकडे चालतं त्या धंद्यात. चाळीस रुपये. आणि त्याच काउंटरवर हिरवे पॉलिस्टर कपॅसिटर, वर २२३ लिहिलेलं म्हणजे २२ नॅनोफॅरड म्हणजेच ०.०२२ मायक्रो, पाच रुपयाला एक. ४७३ आणि १०३ पण घेतले दोन दोन, म्हणजे ४७ आणि १० नॅनो. "एवढेच?" म्हणाले काका, चेहऱ्यावर पार निराशा.

घरी येऊन टेस्ट केली ती अशी. टोन पॉटवरून दोन वायरी जॅकच्या भोकातून बाहेर काढल्या, त्यांना क्रोकोडाइल क्लिपा लावल्या, म्हणजे गिटार न उघडता कपॅसिटर बदलता येतो. जॅक बाहेर लोंबतोय, गिटार मांडीवर ऑपरेशन टेबलवरच्या पेशंटसारखी, आणि भाचा भिंतीकडे तोंड करून बसलाय (एका वडापावाच्या बोलीवर). टोन ० वर ठेवून एकच कॉर्ड वाजवायचा, क्लिप बदलायची, परत तोच कॉर्ड. आणि पठ्ठ्याने ओळखलं की राव! दर वेळी सोळाशेवाला जरा जास्त 'गोल' वाटतो म्हणाला, आणि मलाही वाटला. पाच मिनिटं मी सुखात होतो, पैसे फुकट गेले नाहीत म्हणून.

मग मीटरवर दोन्ही मोजले. हिरवा २१.८ नॅनो. सोळाशेवाला २४.३. बोंबला. हिरव्याला २.२ नॅनोचा एक पिटुकला पॅरलल जोडला, झाले २४, आणि परत भाच्याला बसवलं. दहापैकी पाच बरोबर, पाच चूक. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तेल नाही, कागद नाही, पन्नासच्या दशकातला आत्मा नाही, नुसता आकडा ऐकू येत होता. त्या काळच्या गिटारींत कागदवाले कपॅसिटर आहेत कारण तेव्हा दुकानात तेच मिळायचे.

आकडा मात्र खरंच ऐकू येतो. टोन पूर्ण बंद केला की पिकअप आणि कपॅसिटर मिळून एक नवीन उंचवटा तयार करतात. माझे पिकअप अडीच हेन्रीच्या (हे वेटोळ्याच्या इंडक्टन्सचं माप) आतलेच असतील, त्या हिशोबाने २२ नॅनोला तो साधारण ७०० हर्ट्झला येतो, ४७ ला पावणेपाचशेच्या आसपास म्हणजे पार चिखल, आणि १० नॅनोला हजारावर. हा १० वाला मला जाम आवडला, वाह पेडल अर्धं दाबून ठेवल्यासारखा नाकातला आवाज येतो. पहिल्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रो असायचा, म्हणजे १०० नॅनो! तोही क्लिपला लावून बघितला, टोन ० वर शेजारच्या बिल्डिंगमधून गाणं ऐकू यावं तसा आवाज.

आता चाळीस रुपयेवाल्या पॉटचं. पहिले तीन महिने एकदम झकास. मग खरखर. क्लीनर मारला, आठवडाभर गप्प, परत खरखर. पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला, कपॅसिटरमध्ये नाही. शेवटी सीटीएस कंपनीचा एक सुटा मागवला, साडेसातशेला पडला. फिरवायला लोण्यासारखा नाही, उलट थोडा जड, पण तोच जडपणा चांगला, मनगट लागलं तर जागचा हलत नाही. फक्त दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, त्याची मान साडेनऊ मिलिमीटरची, माझ्या पिकगार्डचं भोक सातचं, त्यामुळे अर्धा तास गोल कानस घासत बसलो. दोन, दांडीवरचे दाते २४, आणि माझे जुने नॉब १८ दात्यांचे. ठोकून बसवायला गेलो तर नॉब चिरला. नॉब पण मागवा सोबत, मापं बघून.

सध्या नेकच्या टोनला २२, आणि मधल्याच्या टोनपासून स्विचवर ब्रिजला एक छोटी वायर टाकून तोच टोन दोघांना, त्यावर १० नॅनो. दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

सोळाशेवाला मावसभावाला दिला, तो मागेच लागला होता. बसवून घेतल्यावर त्याचा मेसेज आला, दादा काय सॉलिड व्हिंटेज आवाज आलाय. विचारलं टोन कितीवर ठेवलायस, तर म्हणे दहावरच ठेवतो, खाली कशाला आणू.

दहावर तो कपॅसिटर जवळजवळ काहीच करत नाही. मी अंगठा पाठवला.