घरच्या एलसाठी घेतलेला जुना हातपंप: चौदा महिन्यांचा वापर आणि विक्री

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये एकाला एक लागून उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी अनेकांना तळघर असते. आमचे तळघर हिवाळाभर १२ अंशांच्या आसपास राहते हे लक्षात आल्यावरच, घरी केलेली एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बाटल्यांत न भरता पिंपात मुरवून हातपंपाने ओढावी, हा विचार मी गंभीरपणे केला. नवे सामान परवडणारे नव्हते. म्हणून बंद पडलेल्या पबांचे सामान विकणाऱ्या एका माणसाकडून, ओट्याच्या कडेला शिकंज्याने बसणारा, एका ओढीला अर्धा पाइंट (सुमारे २८४ मिलिलिटर) बिअर काढणारा हातपंप ९० पौंडांना घेतला. पुढे साडेचार गॅलनांची, म्हणजे सुमारे २०.५ लिटरची, दोन प्लास्टिकची पिंपे, ती ठेवायची घोडी आणि एक कास्क ब्रीदर (पिंपात हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडणारे उपकरण) असे तुकड्यातुकड्याने जमवले. आता आम्ही तळघर नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहोत, त्यामुळे हे सामान विकायला काढले आहे, आणि जुने सामान घेणाऱ्याला व विकणाऱ्याला माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे.

हातपंपाची पॉलिश केलेली मूठ पाहून मी तो घेतला, ही माझी पहिली चूक. किंमत मुठीची नसते, आतल्या दट्ट्याची आणि वायसरांची असते. नुकतीच दुरुस्ती झाल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. पण दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण ओढीला जेमतेम पाव पाइंट बिअर येऊ लागली, ग्लासात हवेचे मोठे बुडबुडे दिसू लागले आणि मूठ सोडली की नळीतली बिअर सरसर खाली तळघरात उतरू लागली. सिलिंडर उघडला तेव्हा दट्ट्याभोवतीची रबरी कडी वाळून तडकलेली होती, आणि बोटाने दाबताच तिचा तुकडा हातात आला. मात्र इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते बिअर इंजिन, म्हणजे हाच हातपंप, तत्त्वतः आजही तसेच आहे. दट्ट्या वर जातो, पोकळी निर्माण होते, खालची झडप उघडते आणि बिअर वर येते. त्यामुळे साधे पाने आणि खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीस एवढ्यावर एका संध्याकाळी मी सर्व वायसर बदलू शकलो, आणि त्यानंतर चौदा महिन्यांत पंपाने एकदाही त्रास दिला नाही.

त्रास झाला तो माझ्या घाईमुळे. एका पिंपात मुरण्यासाठी साखर जरा जास्त पडली होती, आणि रात्री मी वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र खुंटीऐवजी कडक खुंटी ठोकून झोपलो. रात्रभर पिंपात दाब वाढत गेला आणि त्या दाबाने बिअर पंपाच्या दोन्ही झडपांतून आपोआप वर चढली. सकाळी ओट्याखाली चिकट थारोळे होते आणि नळीच्या तोंडातून अजून थेंब पडत होते. यावर उपाय म्हणजे डिमांड व्हॉल्व्ह. ही झडप खालून ढकलणाऱ्या दाबाला दाद देत नाही, केवळ वरून ओढ लागली तरच उघडते. जुना पंप घेताना ती सोबत मिळत नसेल, तर तिची किंमत धरूनच सौदा करावा.

ब्रीदरविषयी मात्र मला ठामपणे सांगायचे आहे. पिंपात ३६ पाइंट असतात. काढलेल्या बिअरची जागा हवेने घेतली, तर तीन दिवसांत उरलेल्या बिअरची चव उतरू लागते, आणि दोन माणसांच्या घरात तीन दिवसांत ३६ पाइंट संपणे शक्य नाही. ब्रीदर हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आत सोडतो, तोही वातावरणाच्याच दाबाने, त्यामुळे बिअरमध्ये जास्तीचा वायू भरला जात नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या ग्राहक संघटनेचा त्याला अनेक वर्षे विरोध होता, तो २०१८ मध्ये मागे घेण्यात आला. मला तो विरोध कधीच पटला नव्हता. माझ्याकडे एकच पिंप अडीच आठवडे चांगले टिकत असे, आणि दहाव्या दिवसाचा पाइंट मी पाहुण्यांना निःसंकोच देत असे.

जुलैमध्ये तळघर १८ अंशांवर गेले की पिंपावर ओले गोणपाट टाकून ते दिवसातून दोनदा भिजवत असे, जसे आपण माठाला ओले फडके गुंडाळतो. पूर्वी इथल्या तळघरांतही असेच करत. बिअर नितळ करण्यासाठी माशांच्या वाताशयापासून बनवलेले आयसिंग्लास वापरतात, पण आमचे बरेच मित्र शाकाहारी असल्यामुळे मी ते टाळले आणि पिंप घोडीवर न हलवता आठवडाभर जास्त ठेवले. तेवढ्याने गाळ खाली बसतो, थोडी धूसरता राहते. यॉर्कशरमध्ये नळीच्या तोंडाला बारीक भोकांचा स्पार्कलर लावून दाट, सायीसारखा फेस आणतात. मला तो आवडतो. दक्षिणेकडच्या मित्राने तो प्रत्येक वेळी काढायला लावला.

विक्रीबद्दल. पंपासोबत मला नऊ गॅलनांचे एक स्टीलचे पिंपही मिळाले होते, पण त्यावर एका ब्रुअरीचे नाव कोरलेले होते. अशी पिंपे बहुतेक वेळा ब्रुअरीच्याच मालकीची असतात आणि पबकडे केवळ वापरापुरती येतात, त्यामुळे ते विकणे मला योग्य वाटले नाही; ब्रुअरीला कळवल्यावर त्यांचा माणूस येऊन ते घेऊन गेला. जाहिरातीत चकाकणाऱ्या मुठीऐवजी उघडलेल्या सिलिंडरचे फोटो टाकले, वायसर कधी बदलले ते लिहिले, आणि क्रोम उडालेला कोपराही जवळून दाखवला. एका गृहस्थांनी सोबत भरलेले पिंपही मागितले. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, पण ती विकायची तर कर आणि परवाना दोन्ही आले, म्हणून मी स्पष्ट नकार दिला.

पंप शेवटी ११० पौंडांना गेला. घ्यायला आलेल्या तरुणीने ओट्यापाशी उभे राहून बादलीतले पाणी चार वेळा ओढून पाहिले, मूठ मध्येच थांबवून नळीतले पाणी खाली उतरते का ते निरखले, आणि मगच पैसे दिले. मी तिला उरलेले वायसर व ग्रीस एका छोट्या डबीत घालून दिले. दोन पिंपे आणि ब्रीदर अजून माझ्याकडे आहेत. ती वेगवेगळी विकणार नाही, कारण ब्रीदरवाचून लहान घरात त्या पिंपांतली बिअर वाया जाईल.