अर्धा दिवस, ई-सायकल आणि धबधबा: सोलापूरकरानं नळदुर्ग धरावं, रामलिंग की ठोसेघर?

गाईडच्या मागोमाग तास-दीड तास बॅटरीवरची सायकल चालवायची, पुढं पायी धबधबा गाठायचा आणि दुपारच्या जेवणाला मोकळं व्हायचं. डोंगराकडच्या पर्यटनस्थळी असला कार्यक्रम तयार मिळू शकतो. सोलापुरात बसून ठरवायचा म्हटलं की लोक आधी सायकलीची चौकशी करतात. खरं तर आधी पाण्याची करायला हवी. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. बारमाही धबधब्याचं सोडा, पावसाळ्याचे चार महिनेसुद्धा इथं पाणी सलग पडत नाही.

सोलापूरहून विचार करण्यासारखी ठिकाणं तीन. नळदुर्ग, हैदराबाद रोडनं ४५-५० किलोमीटर. येडशीजवळचं रामलिंग, तुळजापूर-धाराशिव ओलांडून ८५ च्या आसपास. आणि साताऱ्याजवळचं ठोसेघर, दोनशेच्या बरंच वर. माझं मत आधीच सांगून टाकतो: हातात खरोखर अर्धाच दिवस असेल तर नळदुर्ग. ई-सायकलची मजा हीच मुख्य गोष्ट असेल तर मात्र नळदुर्गचा हट्ट धरू नका, एक मुक्काम काढून ठोसेघरला जा. रामलिंग या दोन्हींच्या मधे कुठंतरी बसतं, आणि सायकलवाल्यापेक्षा कुटुंबवाल्याला जास्त मानवतं.

पाण्याचं कॅलेंडर

ठोसेघरचं सोपं आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस जूनच्या अखेरीस धरतो, जुलै ते ऑक्टोबर कधीही जा, पाणी असतं. महिनाभर आधी बुकिंग केलं तरी चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र धुकं इतकं दाटतं की धबधबा नुसता ऐकायला मिळतो. सप्टेंबर बरा.

आपल्याकडं गणित वेगळं. जून-जुलैत ढग येतात, वारं सुटतं, पण पाणी सह्याद्रीवर सांडून गेलेलं असतं. सोलापूरचा दमदार पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. त्यातही नळदुर्गचे नर-मादी धबधबे थेट पावसावर चालत नाहीत. वरच्या अंगाला बोरी नदीवर धरण आहे. ते भरून सांडव्यावरून वाहू लागलं की किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यावर पाणी चढतं आणि दोन सांडव्यांतून खाली कोसळतं. त्यामुळं सोलापुरात सात रस्ता चौकात गुडघाभर पाणी साचलं म्हणून नळदुर्गला पळण्यात अर्थ नाही. ‘बोरी ओव्हरफ्लो’ची बातमी आली की निघायचं. एखाद्या वर्षी ती बातमी येतच नाही.

रामलिंगचं पाणी डोंगरातल्या ओढ्याचं. बालाघाटात पाऊस झाला की जोरात, चार दिवस उघडीप मिळाली की बारीक धार. म्हणजे नळदुर्ग आणि रामलिंगसाठी आगाऊ पैसे अडकवू नका. ‘पाणी असेल तर येतो’ हे मान्य करणारा टेंपोवाला आणि सायकलवाला आधी गाठा, तारीख नंतर.

नळदुर्ग: पाहायला भरपूर, चढायला थोडं

इथला धबधबा माणसानं बांधलेला आहे, ही गोष्ट काहींना खटकते. मला तीच आवडते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदी अडवून नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला यांना जोडणारा दगडी बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढला. तो पाणीमहाल. वरून पाणी जात असताना आत माणूस कोरडा बसू शकतो, अशी ती रचना. तिथल्या फारसी शिलालेखाचा आशयही झोकात आहे: हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल.

जिना उतरायला लागलं की आधी हवा गार होते, मग आवाज भरत जातो, बोलणं ओरडण्यावर येतं. खालच्या दालनातल्या कमानीसमोरून पाणी पडत असतं आणि त्याचे तुषार थेट चष्म्यावर. दगड बुळबुळीत असतात. सायकलचे गुळगुळीत तळाचे बूट घालून उतरलात तर बसकण मारणार हे नक्की. पाण्याचा लोंढा मोठा असेल आणि खाली सोडत नसतील तर हुज्जत घालू नका, समोरच्या अंगानं दोन्ही धारा एकदम दिसतात.

पण ‘वॉटरफॉल हाईक’ म्हणून जी रानवाट डोळ्यांसमोर येते, ती इथं नाही. चालणं आहे ते तटावरून, बुरुजांवरून, उपळी बुरुजाच्या पायऱ्यांवरून. तटबंदीचा घेर जवळपास तीन किलोमीटर. ऊन निघालं की सावली नाही. घाम येतो, दम लागत नाही. ट्रेकिंगची सवय असलेला पोरगा इथं ‘झालं एवढंच?’ म्हणेल. साठीच्या पुढच्या काकांना मात्र हेच सोयीचं.

आता सायकल. सोलापूरहून नळदुर्ग सपाट, मग मोटर कशाला, असं कुणीही विचारेल. उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेचं असतं आणि नळदुर्ग पूर्वेला. जाताना पाठीवर वारा, साधी सायकलसुद्धा पळते. येताना तोच वारा छातीवर, आणि पंधरा किलोमीटरांत पायांचे गोळे होतात. गाईड असलेल्या राईडमध्ये म्हणून विचारायचा पहिला प्रश्न: परतीला सायकल चालवायची आहे की टेंपो आहे? मला विचाराल तर छोट्या हत्तीत सायकली टाकून इटकळच्या पुढं उतरावं, तिथून अणदूरमार्गे नळदुर्गपर्यंत वाऱ्याबरोबर चालवावं, आणि येताना सायकली परत टेंपोत. अणदूरला खंडोबाचं दर्शन होतं. मात्र देवाची मूर्ती वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गला असते, तेव्हा देव सध्या कुठल्या गावी आहेत ते विचारून घ्या. हायवेवर ट्रकची वर्दळ असते. सकाळी साडेसहाला चाकं फिरायला हवीत, नऊनंतर त्या रस्त्यावर लहान मुलांना सायकलवर घेऊ नये.

शहरापासून सबंध ४५ किलोमीटर चालवत नेण्याची हौस असेल तर बॅटरीचा हिशेब करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. पायडल मारत हलका असिस्ट, म्हणजे मोटरची जोड, घेतला तर किलोमीटरला साधारण ८ वॉट-अवर जातात, म्हणजे ४५ किलोमीटर जेमतेम. पायडल न मारता नुसता थ्रॉटल (मोटर चालवणारी हँडलची मूठ) पिळला तर खर्च दुपटीच्या वर आणि बोरामणीच्या पुढं थोड्याच अंतरात काटा तळाला. बॅटरी संपलेली ई-सायकल वीस-पंचवीस किलोची असते. ती साध्या सायकलसारखी हाकता येत नाही.

रामलिंग

येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चं, क्षेत्र २२ चौरस किलोमीटरच्या आसपास. मंदिर दरीत, भोवती बालाघाटाच्या टेकड्या, जवळच धबधबा. जटायूची कथा इथं सांगतात: जखमी जटायूला पाणी पाजायला रामानं बाण मारून झरा काढला. पावसाळ्यात इथलं रान खरंच रान वाटतं, आणि नळदुर्गपेक्षा इथं ‘निसर्गात आलो’ ही भावना कितीतरी जास्त.

सायकलच्या बाजूनं मात्र हिशेब बसत नाही. ८५ किलोमीटर गाडीनं जायचं, तेवढंच यायचं, आणि सायकल चालवायला मिळणार ती येडशी ते मंदिर आणि आसपास. तेवढ्यासाठी सायकली टेंपोत बांधून नेणं मला तरी पटत नाही. अभयारण्याच्या आतल्या वाटांवर वनखात्याला विचारल्याशिवाय चाक घालायचं नाही हेही आहेच. शिवाय माकडं. हँडलला लावलेली पिशवी त्यांना शेंगांच्या वासानं लांबूनच कळते. श्रावणी सोमवारी दर्शनाची गर्दी असते, आणि कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांचा असतो. त्या दिवसांत या बाजूचा बेतच नको.

ठोसेघर

ही अर्ध्या दिवसाची गोष्ट नाही, कितीही पहाटे निघालात तरी. साताऱ्यात मुक्काम, सकाळी राईड, दुपारी परतीचा प्रवास. पण इथं मोटरचं चीज होतं. साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूनं रस्ता वर चढतो, पुढं ठोसेघर, आणखी पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. साध्या सायकलीवर सोलापूरच्या सपाटीला सरावलेला माणूस पहिल्याच वळणावर उतरून ढकलायला लागेल. असिस्टवर तोच माणूस गप्पा मारत चढतो. नवरा रोज सायकल चालवणारा आणि बायकोनं कॉलेजनंतर हात न लावलेला, अशा जोडीला बरोबरीनं चालवायला देणारी सोय ही एवढीच.

चढावर बघायच्या दोन गोष्टी. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, मोटर असलेल्या सायकली लांब, उभ्या चढावर तापतात. पायडलपाशी मोटर असलेली सायकल गिअरचा फायदा घेते, म्हणून घाटात सरस. आणि उतार: ब्रेक डिस्कचेच हवेत, आणि गाईडनं निघण्याआधी मोकळ्या जागेत प्रत्येकाकडून ब्रेक दाबून घेतले पाहिजेत. जो गाईड ही दहा मिनिटं वाचवतो, त्याच्यामागं घाट उतरू नका. धबधबा पाहायचा तो बांधलेल्या गॅलरीतून, लांबून. दरीत उतरण्याचा उत्साह कुणी दाखवला तर नाही म्हणायचं.

गाईड घ्यावा की आपलं आपण?

ठोसेघरला घ्यावा. धुकं, घाट, अनोळखी रस्ता, एवढं कारण पुरे. नळदुर्गला सायकलसाठी गाईड नसला तरी निभतं, पण एक माणूस पुढं आणि एक सगळ्यांच्या मागं असा नेम करा. मागच्याकडं हवा भरायचा पंप आणि ट्यूबा. कारण आपल्या भागातला खरा शत्रू चढ नाही, बाभळीचा काटा आहे. वेड्या बाभळीच्या वाळक्या फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात आणि काटा टायरमधून आरपार जातो. मागच्या चाकात हब-मोटर असेल तर ते चाक काढणं म्हणजे वायर सोडवणं, पाना शोधणं, अर्धा तास. भाड्याची सायकल घेताना टायरमध्ये सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरलंय का, मोटरच्या नटाचा पाना बरोबर देणार का, हे विचारा. उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडं बघा.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पावसानंतर शेतातल्या वाटेनं शॉर्टकट मारायचा मोह होतो. शंभर पावलांत चिखल टायरवर चढतो, मडगार्डमध्ये थापला जातो आणि चाक फिरायचं थांबतं. मोटर जोर लावते, चाक जागचं हलत नाही, मोटर गरम. मग काडीनं माती उकरत बसा. डांबरी सोडायची नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल त्यात घालायची नाही, माणूस म्हणूनही नाही आणि बॅटरी म्हणूनही नाही.

दराची तुलना करताना नुसते आकडे समोरासमोर ठेवू नका. गाईडवाल्याच्या दरात हेल्मेट, पंक्चर, वाहतूक, प्रवेशशुल्क, नाष्टा यातलं काय काय आहे ते लिहून घ्या. आपलं आपण जाताना टेंपोचं भाडं चौघांत वाटलं तर जड होतं, आठ जणांत हलकं. लायसन्सची चिंता नको: २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी ई-सायकल नोंदणीशिवाय चालते. त्याहून दणकट काही कुणी ‘सायकल’ म्हणून हातात देत असेल तर कागदं मागा. नाष्ट्याला गाईडच्या ब्रेड-जॅमवर राहू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा दुपारपर्यंत टिकतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार असतील आणि तारीख त्यांच्या सुट्टीनं ठरणार असेल, तर नळदुर्ग ‘धबधब्यासाठी’ म्हणून सांगू नका, किल्ल्यासाठी सांगा. पाणी असलं तर त्यांचं नशीब. ज्यांना दोन दिवस काढता येतात आणि गुडघे धड आहेत, त्यांनी सप्टेंबरात ठोसेघर. आजी-आजोबा, नातवंडं, देवदर्शन असं सगळं एकत्र असेल तर सायकली घरी ठेवून रामलिंग.

आणि दसरा उलटला तरी बोरी भरली नाही, तर त्या वर्षी धबधब्याचं नाव काढू नका. त्याच भाड्याच्या सायकली घेऊन तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावावर जा, नाहीतर बार्शी रोडनं नान्नजच्या माळरानाकडं. नान्नज वीस-बावीस किलोमीटरवर आहे. काळवीट दिसण्याची शक्यता चांगली, माळढोकची जवळपास नाहीच. पहाटे निघा, आणि येताना कुठला वारा असेल त्याचा विचार आदल्या रात्रीच करा.