गाळा भाड्याने गेला, ड्रम आमच्या गळ्यात पडले

ज्यांना गोदाम, शेड किंवा रस्त्यालगतची पडीक जागा भाड्याने द्यायची आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. भिवंडीकरांनी तर वाचाच; पनवेल, खालापूर, वाडा, चाकणकडच्यांनीही वाचा. भाडं बुडवणारा भाडेकरू सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हा तसला नाही. हा भाडं वेळेवर देतो, डिपॉझिटवर पाणी सोडतो आणि माल तुमच्याकडे ठेवून पसार होतो. तो माल हलवायला डिपॉझिटच्या कितीतरी पट खर्च येतो.

माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा, भिवंडी तालुक्यात एक गाळा आहे. वर पत्रे, खाली कोबा. दलालाने पार्टी आणली; प्लास्टिक दाणा आणि भंगार साठवायचंय म्हणाली. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, आधार, जीएसटी क्रमांक, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद, सगळं रीतसर झालं. पुढे तपासात निघालं की आधार एका बिगारी मजुराचं, आणि जीएसटी नोंदणीही त्याच्याच नावावर काढलेली. कागद खरे, माणूस भलताच. कुठल्याही वकिलाने ते कागद डोळे झाकून पास केले असते.

त्यामुळे कागदांपेक्षा वागणं सांगते. भाड्यात एका रुपयाचीही घासाघीस नाही. लाइटचा मीटर नको, पाटी नको, पाण्याची जोडणी नको. दाणा भरणाऱ्याला हमाल लागतात, वजनकाटा लागतो. इथे एक माणूस कायमचा बसलेला नाही. विचारलं ते एवढंच, की ट्रक मागे घेऊन आत येतो का आणि रात्री गेटवर कोणी असतं का. कुलूप स्वतःचं लावलं आणि गाड्या अंधारातच आल्या.

एक दिवस फोन बंद झाला. मग शेजारच्या गोठ्यातून तक्रार आली, की वासाने म्हशी वैरण सोडून उभ्या राहतात. पोलिसांसमोर कुलूप तोडलं. आत दोनशे लिटरचे ड्रम, निळे प्लास्टिकचे आणि गंजके लोखंडी, एकावर एक रचलेले. प्रत्येकावरचं लेबल पटाशीने खरवडलेलं आणि वर चुन्याचा हात मारलेला. उन्हाने तापून लोखंडी ड्रमांची झाकणं पुरीसारखी टम्म फुगली होती. जिथे गळती झाली होती तिथला कोबा खाऊन गेला होता, नुसती खडी वर आलेली. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले आणि आम्ही बाहेर पळालो. तपासणीत तो आम्लाचा (ॲसिडचा) गाळ आणि सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, गाळून उरलेला रेसिड्यू (साका) निघाला.

यात धंदा कसला, असं अण्णा विचारत होते. धंदा साधा आहे. केमिकल कारखान्याला असला कचरा अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो. जाळण्याजोगा असेल तर दर किलोला दोन आकडी रुपयांत जातो. समजा २५ रुपये धरले, तर शंभर ड्रमांचे, म्हणजे साधारण २० टनांचे, पाच लाख होतात. मधला माणूस म्हणतो, निम्म्यात नेतो. कारखानदार सुटतो, मधला दोन-चार महिन्यांचं भाडं फेकतो, बाकीचे खिशात. गाळा हीच त्याची कचराकुंडी, आणि तीही आयती छप्पर घातलेली.

आता कायदा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत जबाबदारी फक्त कचरा करणाऱ्यावर नाही. ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्यापर्यंतही ती येते. भाडेकरू गायब, किल्ली तुमच्याकडे, मग ताबा कोणाचा? जनविश्वास कायद्यानंतर, एप्रिल २०२४ पासून, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे. ‘मी तर नुसता मालक’ एवढ्यावर भागत नाही. आम्ही स्वतःहून लेखी कळवलं, फोटो आणि करार जोडला, म्हणून निदान आमच्याकडे चोर म्हणून कोणी पाहिलं नाही.

आणि याच टप्प्यावर दुसरा ठग येतो, त्याच्यासाठी हे पुढचं नीट वाचा. बातमी गावात फिरली तसा एकजण अण्णांकडे आला. ‘काका, कशाला ऑफिसांच्या चकरा, एका रात्रीत टँकर लावतो, पेपर मी बनवून देतो.’ दर निम्मा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र, म्हणजे असला कचरा हाताळायचा परवाना, तोसुद्धा दाखवला, शिक्क्यासकट. मी एका रंगाच्या कारखान्यात अकाउंट्सला असते, त्यामुळे असले कागद हातातले. त्याच्या पत्रावर कचऱ्याचा प्रवर्ग, म्हणजे नियमांतल्या यादीतला क्रमांक, होता ५.१, म्हणजे वापरलेलं तेल. आमच्या ड्रमांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मी विचारलं, मॅनिफेस्टची निळी प्रत कोण पाठवणार? तो चहा अर्धा टाकून उठला. मॅनिफेस्ट म्हणजे घातक कचऱ्याच्या गाडीसोबत जाणारा कागद; तो सात रंगांच्या सात प्रतींत निघतो. वाहतूकदाराने सही केलेली पिवळी आपल्याकडे राहते, आणि माल पोचल्यावर केंद्र सही करून निळी आपल्याला परत पाठवतं. निळी आली नाही तर तुमचे ड्रम कुठल्या ओढ्यात रिकामे झाले ते देवाला ठाऊक. आमच्याजवळच, उल्हासनगरात, नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायनाचा टँकर ओतला गेला आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. जानेवारी २०२२ मध्ये सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत तेच झालं. वायूने सहा कामगार दगावले. तो माल तळोज्याहून गेलेला होता. आम्ही त्या माणसाला टँकर लावू दिला असता तर त्या पंगतीत आमचंही पान मांडलं गेलं असतं.

रीतसर मार्ग कटकटीचा आहे, पण आहे. ड्रम स्वतः हलवू नका, उघडू नका, एकातलं दुसऱ्यात ओतू नका. आम्ल आणि दुसरं काही एकत्र आलं की सुरतेसारखा वायू होतो. पोलीस, अग्निशमन दल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय, तिघांना लेखी कळवा आणि पोच घ्या. मग केंद्राची माणसं नमुना नेतात, त्यावर जाळायचं की पुरायचं ते ठरतं, आणि परवाना असलेल्या गाडीतून माल जातो. आमचा तळोज्याच्या अधिकृत केंद्रात गेला. खाल्लेला कोबा आणि त्याखालची माती खणली, तीही घातक कचराच धरली गेली आणि तिचेही किलोने पैसे मोजले. याचा अंदाज आधी कोणी दिला नव्हता.

नव्या करारात अण्णांनी तीन कलमं घातली आहेत: घातक किंवा रासायनिक माल ठेवता येणार नाही, दुसरी किल्ली मालकाकडे राहील, आणि महिन्यातून एकदा आत जाऊन पाहण्याचा हक्क. ड्रम, तेल, सॉल्व्हंट, बॅटरी असं काहीही धंद्यात असेल तर मंडळाचं प्राधिकारपत्र आधी मागायचं आणि प्रवर्ग वाचायचा. रिकामे पण माखलेले ड्रमसुद्धा घातक कचऱ्याच्या प्रवर्ग ३३.१ मध्ये येतात, त्यामुळे ‘नुसते धुवून विकतो’ हे उत्तर चालत नाही. दलालाची दलालीही आता सहा महिन्यांनी. त्यावर दोन दलालांनी येणं बंद केलं. उरलेला एक पार्टी आणण्याआधी स्वतःच विचारतो, ‘काका, हिला लाइट लागेल ना?’

तक्रारीचा तपास चालू आहे. कारखाना कोणता हे खरवडलेल्या लेबलांमुळे अजून ठरलेलं नाही. शेजाऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याचा शेवटचा अहवाल बरा आला नाही, त्यामुळे त्यांच्या पाण्याच्या टँकरचं बिल आम्हीच भरतोय.